भाच्याला निरीक्षणगृहात ठेवलंय. आत काय असतं, घरच्यांनी काय करायचं?

खाडीकाठ
नमस्कार. इथे मी बहुतेक वेळा फक्त वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. हात थरथरतायत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा भाचा १६ वर्षांचा आहे, नुकतीच दहावी दिली. आमच्या खाडीवरच्या एका गावात राहतो, आई आणि आजी-आजोबांजवळ. वडील मुंबईला कंपनीत आहेत, गणपतीला आणि शिमग्याला येतात तेवढेच. गेल्या आठवड्यात गावातल्या दोन मोठ्या मुलांबरोबर (दोघंही विशीच्या पुढचे) एका होडीचं इंजिन काढून विकताना हा सापडला. इंजिन मिळालं. मोठ्या दोघांना अटक झाली. ह्याला रात्री पोलीस ठाण्यात बाकड्यावर बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळापुढे नेलं. बहीण त्या दिवशी गेलीच नाही. तिला वाटलं कोर्ट म्हणजे आपल्यालाही आत घेतील. आजोबांना ऐकू कमी येतं. मुलाच्या बाजूने कोणीच उभं नव्हतं, तेव्हा त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. पुढची तारीख आठ दिवसांनी आहे.

आता घरात कोणी जेवत नाही. मेहुणे फोनवर म्हणतात, "राहू दे तिकडेच, अक्कल येईल." बहीण म्हणते, त्याला तिथे मारतील. एक ओळखीचा माणूस म्हणतो, २५ हजार द्या, मी सोडवून आणतो. मला कोणाचं खरं मानायचं तेच कळत नाही.

आत नक्की काय असतं? भेटता येतं का? आयटीआयचा प्रवेश आणि पुढची नोकरी, सगळं गेलं का?

संपादक
खाडीकाठ, तुमच्या लेखातलं गावाचं आणि शाळेचं नाव काढलं आहे. मुलाची ओळख पटेल असं काहीही लिहायला बाल न्याय कायद्याची बंदी आहे, ती नातेवाइकांनाही लागू होते आणि आपल्यालाही. प्रतिसाद देणाऱ्यांनीही "हे अमुक खाडीवरचं ना?" असं विचारू नये.

बोंडू
ताई, सगळ्यात आधी त्या २५ हजारवाल्याला घराबाहेर काढा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

ॲड_वाशिष्ठी
बोंडूला अनुमोदन. ज्या कामाला एक रुपया लागत नाही त्याचे २५ हजार मागतोय तो. मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. उद्या सकाळी बहिणीला घेऊन जा आणि साध्या कागदावर अर्ज द्या, पुरे.

आता घाई आहे म्हणून मुद्द्याचं. २०१५ चा बाल न्याय कायदा, लागू झाला १५ जानेवारी २०१६ पासून. त्यात १८ च्या आतल्या मुलाला आरोपी म्हणत नाहीत, विधीसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. त्याच्यासाठी जामीन हा नियम आहे आणि आत ठेवणं हा अपवाद. जामीन नाकारायला तीनच कारणं चालतात: सुटला तर माहीतगार गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. गुन्हा लहान की मोठा हा इथे प्रश्नच नाही.

तुमच्या बाबतीत मंडळाने काय पाहिलं असेल? सोबत दोन प्रौढ, आणि मुलाला घरी न्यायला कोणी नाही. अशा वेळी मुलाला कोणाच्या हाती सोडायचं? तेव्हा पुढच्या तारखेला आईने जायचंच. शक्य असेल तर वडिलांनीही. आईला कोणी आत घेत नाही, हे तिला माझ्या नावाने सांगा.

साध्या चोरीला कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे, म्हणून ती किरकोळ गुन्ह्यात मोडते. कलम कोणतं लावलंय ते मात्र कागदावर बघा.

कातळफूल
"आत" हा शब्दच मुळात चुकीचा आहे. तो तुरुंग नाही.

दर्यावर्दी
कातळफूल, आत राहिलेल्याला तो आतच वाटतो. मी राहिलोय. सवडीने लिहितो.

निवृत्त_परिविक्षा
मी २८ वर्षं परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून काम केलं, त्यातली बरीच कोकणात. खाडीकाठताई, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे "रिमांड होम" एवढा एकच शब्द सगळ्यांना ठाऊक असतो आणि त्या एका शब्दात चार वेगळ्या जागा कोंबलेल्या असतात.

निरीक्षणगृह ही चौकशी चालू असेपर्यंत तात्पुरतं ठेवायची जागा. तुमचा भाचा तिथे आहे. विशेष गृह ही चौकशी पूर्ण होऊन मुलाने कृत्य केलं असं ठरल्यावर मंडळ पाठवतं ती जागा, जास्तीत जास्त तीन वर्षं. बालगृह तर सर्वस्वी वेगळं. अनाथ, हरवलेली, छळ झालेली, कामाला जुंपलेली मुलं तिथे असतात आणि त्यांचं काम बालकल्याण समिती बघते. त्या मुलांनी काहीही केलेलं नसतं. चौथी जागा सुरक्षित ठिकाण, अतिगंभीर प्रकरणातली १६ च्या पुढची मुलं आणि चौकशी चालू असताना १८ ओलांडलेली मुलं यांच्यासाठी. काही गावी निरीक्षणगृह आणि बालगृह एकाच आवारात असतात, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो आणि पोरक्या पोरांवरही चोरीचा शिक्का बसतो. मला याचं फार वाईट वाटत आलंय.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात किमान एक बाई. पिंजरा नाही, पोलीस गणवेशात नाहीत, बेडी तर अजिबात नाही. मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मंडळापुढे न्यावं लागतं. बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढेसुद्धा नेता येतं. पोलीस कोठडीत ठेवायचं नाही म्हणजे नाही. तुमच्या भाच्याला रात्र बाकड्यावर काढावी लागली, कोणी हात उचलला असेल, शिवीगाळ केली असेल, तर त्याने ते मंडळाला सांगावं. तिथे विचारतात. मुलं लाजून किंवा भिऊन "काही नाही" म्हणतात. भेटीत त्याला सांगा की बोललास तरी तुझं काही बिघडणार नाही.

आत गेल्यावर आधी वैद्यकीय तपासणी होते. वयाप्रमाणे वेगळं ठेवतात, सात ते अकराची मुलं सोळाच्या मुलांत मिसळत नाहीत, निदान मिसळू नयेत. सकाळी लवकर उठणं, प्रार्थना, नाश्ता, वर्ग, दुपारचं जेवण, खेळ, संध्याकाळी टीव्ही. अधीक्षक असतात, काळजीवाहक असतात, समुपदेशक येतात. घर चांगलं की वाईट हे बहुतेक करून अधीक्षकाच्या माणुसकीवर ठरतं. मी दोन्ही पाहिली आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: परिविक्षा अधिकारी तुमच्या घरी येईल. सामाजिक तपासणी अहवाल लिहायला त्याला दोन आठवडे असतात. तो शाळेत विचारील, शेजारी विचारील, चूल बघील, आजोबांशी बोलेल. त्याच्याशी खोटं बोलू नका. एका घरात मला सांगितलं, वडील इथेच राहतात, रोज मुलाचा अभ्यास घेतात. दोरीवर एकही पुरुषी कपडा नव्हता! वडील मुंबईला असतात हे सांगण्यात कमीपणा काय? अर्धं कोकण तसंच जगतं. खरं सांगितलं असतं तर मी लिहिलं असतं की मामा लक्ष ठेवायला तयार आहे. तो अहवाल मुलाच्या विरुद्धचा कागद नसतो, पुष्कळदा त्याच्या बाजूचा तोच एक कागद असतो.

मालवणी_माणूस
ताई, घाबरा नको. आमच्या वाडयेतल्या एका झिलाचा असाच झालेला. बापूस लाजेन घरात बसलो आणि आवस एकटीच फेरे मारी. माका विचारशाल तर बापाशीन जावकच व्हया. लोका चार दिस बोलतत, मगे गप रवतत. पोराच्या मनात मात्र रवता, बापूस इल्लो की नाय.

हापूसबागायत
माझं मत कडू लागेल, तरी लिहितो. मार्च ते मे मी बागेतल्या खोपीत झोपतो. राखणीला गुरखे ठेवलेत, त्यांचा पगार आहे. एका रात्रीत दोन कलमं साफ केली पोरांनी, कच्ची फळं झोडून. पकडून दिली तर संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवशी बागेवरून शिट्टी वाजवत जातात. होडीवाल्याचा विचार कोणी केलाय का? इंजिन गेलं म्हणजे त्याचं पोट गेलं. कायदा मुलांचा आहे, मग आमचा कोणता?

बोंडू
बागायतदार, तुमच्या बागेतल्या कैऱ्या लहानपणी मीही पाडल्यात, तेव्हा तुमच्या वडिलांनी मला धरून पाणी शेंदायला लावलं होतं. अख्खा हौद भरला. हात सोलले. परत गेलो नाही.

हापूसबागायत
वडील तसेच होते. मग संध्याकाळी तुला आंबेही दिले असतील.

बोंडू
डझनभर. आईने अर्धे परत पाठवले.

निवृत्त_परिविक्षा
हापूसबागायत, तुमचा राग रास्त आहे, आणि होडीवाल्याचा तर दुपटीने. पण "सोडून देतात" हे अर्धसत्य आहे. घरी सोडलं म्हणजे प्रकरण मिटलं असं नसतं, चौकशी चालूच राहते. शेवटी मंडळासमोर बरेच रस्ते असतात: समज देऊन सोडणं, समुपदेशन, दंड, परिविक्षेवर तीन वर्षांपर्यंत देखरेख, विशेष गृह. आणि १४ च्या वरच्या मुलाला समाजसेवा. तुमच्या वडिलांनी हौद भरून घेतला तसलाच हा प्रकार, फक्त खासगी बागेत नाही, सार्वजनिक कामात. बाग साफ करणं, वृद्धांची सेवा, दवाखान्यात मदत. मी एका मुलाला ग्रामीण रुग्णालयात तीन महिने पाठवलं होतं. आता तो रुग्णवाहिका चालवतो.

होडीवाल्यालाही मंडळापुढे आपलं म्हणणं मांडता येतं. त्याच्याकडे तुमच्या घरचं कोणी गेलं का, खाडीकाठताई?

खाडीकाठ
नाही गेलो. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. तो आमच्या ओळखीतलाच आहे.

ॲड_वाशिष्ठी
जा. माफी मागायला जा, साक्ष बदल म्हणायला नाही. दोन्हीत फरक आहे, आणि दुसऱ्याने मुलाचं नुकसान होईल.

सह्यकडा
इतकं काय घेऊन बसलात? पुण्यात दोन माणसं गाडीखाली मारून निबंध लिहून सुटला ना तो अल्पवयीन पोरगा? पैसेवाल्यांचा कायदा आहे हा.

ॲड_वाशिष्ठी
सह्यकडा, तो राग सगळ्या महाराष्ट्राचा होता. पण क्रम बघा. १९ मे २०२४ ला जामीन मिळाला, ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीसह. लोक संतापले. २२ मे ला मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं, कारण जामीन कायम असताना मुलाला निरीक्षणगृहात ठेवता येत नाही. तोच नियम उद्या खाडीकाठच्या भाच्याला लागू होईल. रत्नागिरीतला पोरगा असो की पुण्यातला, जामीन कायम असताना त्याला परत आत टाकता येत नाही. फरक एवढाच की पुण्यात पहिल्याच दिवशी वकिलांची फौज उभी होती आणि इथे आईसुद्धा नव्हती. मला राग येतो तो ह्याचा.

सह्यकडा
हे असं कोणी सांगितलं नव्हतं. पटलं.

शाळामास्तरीण
वयाचा पुरावा कोणी नेला का? अजून कोणी विचारलं नाही म्हणून विचारते. आमच्याकडे मुलगा १६ चा की १८ चा यावरून सगळं बदलतं.

ॲड_वाशिष्ठी
फार चांगला प्रश्न. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आणि मुलगा तेव्हा अल्पवयीन होता हा दावा कधीही करता येतो, अगदी निकाल लागून गेल्यावरही.

बोंडू
आमच्या वर्गात बत्तीस पोरं, त्यातली एकोणीस १ जूनची. गुरुजींनी सगळ्यांचे वाढदिवस एका दिवशी उरकले.

शाळामास्तरीण
हसू येतं खरं, पण ती १ जून माझ्या एका विद्यार्थ्याला अठराच्या पलीकडे ढकलत होती. त्याच्या आजीने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बाळंतपणाचा कागद पत्र्याच्या ट्रंकेत जपला होता, तोच कामी आला. ज्यांच्या घरी ग्रामपंचायतीचा दाखला नाही त्यांनी आजच काढून ठेवा.

दर्यावर्दी
काल म्हणालो होतो लिहीन म्हणून.

२००९ साली मी १५ वर्षांचा होतो. कशासाठी ते लिहीत नाही, होडीच्या इंजिनापेक्षा लहान गोष्ट होती. १८ दिवस निरीक्षणगृहात होतो. कुठल्या ते सांगत नाही.

पहिली रात्र सगळ्यात वाईट. लाइट बंद करत नाहीत, त्यामुळे झोप येत नाही. मला समुद्राच्या आवाजाची सवय, तिथे पंख्याचा आवाज. शेजारच्या पोराने विचारलं, "कशात आलास?" मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी समजलं की तिथे सगळे आधी हेच विचारतात आणि जो मोठं सांगतो त्याला मान मिळतो. ताई, हे लक्षात ठेवा. भाचा बाहेर येईल तेव्हा त्याच्या बोलण्यात थोडी फुशारकी असेल. ती तिथली आहे, त्याची नाही. आठवड्याभरात उतरते.

मारलं का? एका काळजीवाहकाने दोनदा कानाखाली मारली. बाकी कोणी नाही. तिथला आचारी मात्र देवमाणूस, मासे मिळत नाहीत म्हणून मी जेवत नव्हतो तर मला वेगळी चटणी करून द्यायचा.

आई भेटायला आली. ती रडेल, ओरडेल म्हणून मी भिंतीकडे बघत बसलो. ती म्हणाली, "चांदी व्याली. पाडी झाली. तुझी वाट बघत्ये बांधलीय." मग वाडीतल्या सगळ्या बातम्या सांगितल्या, कोणाचा फणस पडला, कोणाच्या विहिरीचा गाळ काढला, भजनाला पेटी नवीन आणली. वीस मिनिटं. का केलंस हे एकदाही विचारलं नाही, ते घरी आल्यावर विचारलं आणि चांगलंच विचारलं. पण त्या वीस मिनिटांत मला कळलं की घर आहे तिथेच आहे आणि मी परत जाणार आहे. वडील आले नव्हते. मालवणी_माणूस म्हणतात ते खरं आहे. आज मला दोन मुलं आहेत, मी मोठ्या ट्रॉलरवर तांडेल आहे, आणि ते अजून आठवतं.

कातळफूल
दर्यावर्दी, मी तुम्हाला "तुरुंग नाही" म्हणाले ते पुस्तकातून म्हणाले होते. माफ करा.

दर्यावर्दी
माफी कसली. तुम्हीही बरोबर होता.

निवृत्त_परिविक्षा
कानाखाली मारणाऱ्याबद्दल: आजच्या कायद्यात संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलाला शिक्षा म्हणून मारलं तर पहिल्या वेळी १० हजार दंड, पुन्हा केलं तर तीन महिने कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय नोकरीवरून काढता येतं. मुलाच्या अंगावर वळ दिसला तर तिथेच अधीक्षकांना लेखी द्या आणि मंडळालाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

भेटीला जाताना: दिवस आणि वेळ फोन करून विचारा, आधारकार्ड न्या. मोबाइल, रोख पैसे आत नेऊ देत नाहीत. घरचं खाणं चालतं का ते विचारूनच न्या. मंडणगडहून तीन एसट्या बदलून आणलेले घावणे दारातून परत नेणारी आजी मी पाहिलीय. साधे दोन जोड कपडे, एखादं पुस्तक चालतं. औषध चालू असेल तर चिठ्ठी आणि औषध दोन्ही.

तळकोकणी
विषय थोडा बाजूला नेतोय. आमच्या बांद्याच्या बाजूला गोव्याची दारू आणायला पोरं वापरतात. बाइक देतात, फेरीला पाचशे-सातशे देतात आणि सांगतात, "तू लहान, तुला कोण काय करत नाय." पकडला जातो पोरगा, मालक घरी.

ॲड_वाशिष्ठी
बाजूला नाही, मुद्द्यावरच आहात. मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकवून घेणं, वाहून नेणं, याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कोणत्याही बेकायदा कामाला मूल वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षं आणि पाच लाखांपर्यंत दंड. खाडीकाठच्या प्रकरणातही त्या दोघांनी पोराला पुढे केलं होतं का, हे वकिलाने विचारायला हवं.

आणि पोरांना स्कूटर देणाऱ्या पालकांनीही ऐका. अल्पवयीनाने गाडीखाली कोणाला चिरडलं तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. क्लासला जाताना तीन-तीन पोरं एका स्कूटरवर बघते तेव्हा माझा जीव वर येतो.

शाळामास्तरीण
आमच्याकडे सगळ्यात जास्त कुटुंबं पळापळ करतात ती दुसऱ्याच प्रकरणात. सतराचा मुलगा, सोळाची मुलगी, पळून गेली, मुलीच्या बापाने तक्रार दिली.

ॲड_वाशिष्ठी
हो. पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, १८ च्या आत संमतीला अर्थ नाही. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे तो अतिगंभीर, आणि १६ ते १८ च्या मुलाचं तिथे प्राथमिक मूल्यांकन होतं, तीन महिन्यांत. त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, घटना कोणत्या परिस्थितीत घडली हे बघतात. मग मंडळ ठरवतं की प्रकरण बाल न्यायालयात प्रौढासारखं चालवायचं का. अशा वेळी मानसशास्त्रज्ञाशी मुलगा बोलतो तेव्हा त्याला पाठ केलेली उत्तरं देऊन पाठवू नका. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.

कातळफूल
मूळ प्रश्नातला नोकरीचा भाग राहिला. कोणी सांगेल?

निवृत्त_परिविक्षा
कायदा स्पष्ट आहे: मुलाने कृत्य केलं असं ठरलं तरी त्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या. अपवाद एकच, १६ च्या वरचा मुलगा अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी ठरला तर. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड रद्द झालेल्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला होता, लहानपणीचं प्रकरण आडवं आणता येणार नाही म्हणून. आयटीआयचा अर्ज बिनधास्त भरा. मुलगा आत असला तरी अर्ज थांबवू नका.

खाडीकाठ
तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. गेल्या काही दिवसांतलं सांगते.

विधी सेवा समितीकडून वकील मिळाल्या, पैसे नाहीत. बहीण, मी आणि आजोबा पहाटेच्या एसटीने भेटीला गेलो. बहीण घरून निघताना तेच म्हणत होती, विचारणारच, असं का केलंस. मी तिला दर्यावर्दींचा प्रतिसाद बसमध्ये वाचून दाखवला. ती गप्प झाली. भाचा आला, चार दिवसांत केवढा बारीक दिसला. बहिणीने त्याला सांगितलं, "मांजरीला तीन पिल्लं झालीत, तुझ्या दप्तरात." तो हसला. मग रडला. आजोबांनी त्याचा हात सोडलाच नाही. मारलं नाही म्हणाला. पोलीस ठाण्यातल्या रात्री एकाने शिवीगाळ केली ते सांगितलं, वकीलबाईंनी लिहून घेतलं.

परवा तारीख होती. बहीण, मी, आणि मेहुणे. मेहुणे आले! तुमच्यापैकी कोणाचं वाचलं माहीत नाही, मी फक्त लिंक पाठवली होती. मंडळातल्या बाईंनी त्यांना विचारलं, मुलाशी शेवटचं कधी बोललात. ते म्हणाले, शिमग्याला. आणि मान खाली घातली. जामीन झाला. त्या दोन मुलांशी संबंध ठेवायचा नाही, आठवड्यातून एकदा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे हजेरी, शाळा किंवा आयटीआय सोडायचं नाही. जामिनाची रक्कम आधी जास्त सांगितली होती, वकीलबाईंनी परिस्थिती सांगितल्यावर कमी केली.

ॲड_वाशिष्ठी
बरं वाटलं. एक नोंद, वाचणाऱ्या इतरांसाठी: जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण करता आली नाही तर मुलाला पुन्हा मंडळापुढे न्यायचं आणि अट बदलायची, असं कायद्यातच आहे. पैशावाचून पोरगं आत कुजत बसावं असं कायदा म्हणत नाही. आणि चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढ. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण बंद.

मालवणी_माणूस
बापूस इलो ह्या वाचून डोळे भरले. देव बरा करो.

बोंडू
मांजरीच्या पिल्लांना नावं ठेवली का?

खाडीकाठ
एकाचं ठेवलंय, इंजिन. भाच्यानेच ठेवलं, आजी रागावली, मग तीही हसली.

एक विचारायचंच राहिलं. आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी त्याचा पोलीस गाडीजवळचा फोटो टाकलाय. अजून फिरतोय. काय करू?

संपादक
अल्पवयीनाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्क्रीनशॉट काढून ठेवा. आधी गटाच्या ॲडमिनला हे वाक्य जसंच्या तसं पाठवा.

निवृत्त_परिविक्षा
आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा, पोच घ्या.

खाडीकाठ
ॲडमिनला पाठवलं. दहा मिनिटांत फोटो काढला, वर माफीही मागितली. आमच्याच भावकीतला निघाला.

होडीवाल्याकडे काल संध्याकाळी मेहुणे आणि भाचा दोघं गेले होते. दारात उभं राहून भाच्याने माफी मागितली. होडीवाला बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, इंजिन मिळालंय पण पोलिसांकडे अडकलंय, पाऊस तोंडावर आलाय, होडी ओढून वर घ्यायची आहे, चार हात लागतील. आज सकाळी दोघं गेलेत ओढायला. मेहुण्यांनी रजा आठ दिवस वाढवली आहे, पुढच्या तारखेपर्यंत.